दोन बादल्यांची चूक

मॅडम,

काल तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले. तोंडानं काही खोटं सांगितलं असं नाही. जे सांगायला उठले होते ते गिळून खाली बसले. पण तुमच्या लेखी दोन्ही एकच, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सभा आपल्या विभागातच होती, लातूरला, वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट वर्गात. तुमचा फोटो लावला होता, हार जरा मोठा झाला होता. एक ज्येष्ठ सर बोलायला उठले. चांगलंच बोलले. मग अगदी मायेनं म्हणाले, "महानंदा मॅडमच्या हातून एकदा धुण्या-विसळण्यातल्या हयगयीनं अख्खा प्रकल्प गेला. पण त्यांची शिकवायची तळमळ तसूभर कमी झाली नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. ती हयगय माझी होती. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि दाराशी उभ्या शेख मामांना. मामा आता प्रयोगशाळेच्या शिपाईपदावरून निवृत्त झालेत, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते माझ्याकडं बघत राहिले. माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले आणि "मॅडम मला आईसारख्या होत्या" असलं काहीतरी बोलून परत आले.

तुम्ही आईसारख्या नव्हता. माझी आई रेणापूरजवळ आमच्या गावात खणखणीत आहे, आणि तिनं मला एकच वाक्य चार-चारदा लिहायला लावलं नाही कधी.

विभागाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. तेव्हा जे काल बोलले नाही ते इथं लिहिते.

मी तुमच्याकडं एम.एस्सी.ला आले तेव्हा आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. कीव यावी म्हणून हे सांगत नाही. मला त्याचा तोरा होता आणि आहे. प्रोजेक्ट वाटायच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तुला काय पाहिजे?"

"जे कुणी घेत न्हाई ते द्या."

"का गं?"

"तुलना करायला कुणी राहत न्हाई मग."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की मॅडमना काय झालं म्हणून शेख मामा स्टूल टाकून आत धावले. आणि तुम्ही मला ते काम दिलंत जे खरंच कुणी घेत नव्हतं: पेशीच्या बाहेर प्रथिन तयार करायचं, आणि तेही स्वस्तात.

तुम्ही ते कसं सांगितलंत ते मी आजही माझ्या वर्गात तसंच्या तसं सांगते. जिवाणूची पेशी फोडायची. आतला अर्क राखून ठेवायचा. पेशी मेलेली असते, पण अर्कातली यंत्रं शाबूत असतात. त्यांना डीएनएचा तुकडा दिला की ती नळीतसुद्धा प्रथिन बनवतात. "घर मोडलं तरी चूल चालते, असं समज," तुम्ही म्हणालात. "पण चुलीला जळण लागतं. खरी मारामारी जळणाची हाय."

जगभर वापरतात ते जळण म्हणजे फॉस्फेटवालं एक महागडं रसायन. आपल्याकडं ते हैदराबादहून बर्फाच्या डब्यात यायचं, आणि डबा उघडताना तुम्ही श्वास रोखायचात. ते भडकन पेटायचं आणि तासा-दोन तासांत संपायचं. वर त्याचं उरलेलं फॉस्फेट नळीत साचायचं, अर्काला लागणारं मॅग्नेशियम धरून बसायचं आणि कामच कोंडायचं. साधं ग्लुकोज स्वस्त, पण त्यानं नळी आंबट होऊन चूल विझते. तुम्हाला हवं होतं माल्टोडेक्स्ट्रिन, पिठूळ पदार्थापासून करतात ती पांढरी भुकटी, बेकरीवाले पोत्यानं घेतात ती. तुमचे भाऊ, अण्णा, उदगीरच्या दुकानातून बेकऱ्यांना तीच पुरवायचे. अर्क त्या साखरेची लांब साखळी एकेक कडी करून तोडतो, आणि तोडताना नळीत साचलेलं तेच टाकाऊ फॉस्फेट उचलून परत कामाला लावतो.

"म्हणजे आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात," मी म्हणाले.

तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "बरोबर! ही साखर लातूरची हाय बघ."

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं. घराघरांत ड्रमला ड्रम लावलेले. दर हप्त्याला कुणी ना कुणी नवा बोअर घ्यायचं, आधीच्यापेक्षा खोल. तुम्हाला काळजी त्याची होती. इतक्या खालचं पाणी कसलं आहे, प्यायला चांगलं आहे का, हे गावात कोण तपासणार? अर्क कागदाच्या पट्टीवर वाळवायचा, पाण्याचा थेंब टाकायचा, पाण्यात नको ते असलं तर पट्टी चमकली पाहिजे, असं तुमच्या मनात होतं. "पण जळण महाग राहिलं तर ती पट्टी परिषदेत दाखवण्यापुरती. रेणापूरच्या आडावर कोण नेणार?" पट्टी फार पुढची गोष्ट होती. आधी साखरेवर चूल चालते एवढं दाखवायचं होतं. त्यासाठी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा छोटासा प्रकल्प मंजूर झाला होता, आणि वर्षाअखेर तो पुढं चालू ठेवायचा की नाही हे बघायला बाहेरून तिघं जाणकार येणार होते. तुमचं सगळं त्यावर होतं. माझा प्रबंधही.

आणि त्यातच मी माझी अक्कल चालवली.

काचसामान धुवायची तुमची रीत ठरलेली होती. साबण, मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच वेळा, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा. नळच कोरडा पडल्यावर वाहतं पाणी कुठलं? ऊर्ध्वपातनाचं यंत्र तर थंडाव्यासाठी बादल्यांवर बादल्या पिऊन एक बाटली देणारं, ते आपण कधीच बंद केलं होतं. तसलं पाणी माझे काका नांदेडहून कॅनमध्ये भरून एसटीनं पाठवायचे. मी घरच्यासारखी सोय केली. दोन बादल्या. पहिलीत बुडवायचं, दुसरीत खळबळून काढायचं. दुष्काळात आमच्या घरी भांडी अशीच निघायची, आणि दिवसभर तेच पाणी पुरायचं. शेवटचा हात कॅनमधल्या पाण्याचा, तोही तीनदाऐवजी एकदा, जेमतेम. तुम्ही दारात उभ्या राहून बघितलंत आणि म्हणालात, "शाबास गं! हे मला सुचलं नसतं." प्राचार्यांनी तर नोटीस काढून सगळ्या विभागांना माझ्यासारखं करायला सांगितलं. ती नोटीस मी गावी नेली. आईला वाचता येत नाही. वडिलांनी तीनदा वाचून दाखवली.

साखरेचे प्रयोग त्यानंतरच सुरू झाले, आणि साखरेची नळी एकदाही चमकली नाही.

आपण हिरवं चमकणारं प्रथिन बनवत होतो, म्हणजे जमलं की नाही ते डोळ्यांनीच कळावं. महागड्या जळणाची नळी निळ्या दिव्याखाली दर वेळी चमकायची. साखरेची काळीठिक्कर. पाच वेळा, सहा वेळा. अर्क तोच, डीएनए तोच, फरक फक्त जळणाचा. मग दोष कुणाचा? साखरेचाच. मी तुमच्याशी वाद घालायला लागले. "मॅडम, सोडा ती बेकरीची भुकटी. ती पावासाठीच बरी हाय." तुम्ही चिडायच्या नाहीत. "जे दिसलं ते लिही," एवढंच म्हणायच्यात. मी "चमक नाही" असं लिहायचे आणि तुम्ही सही करायच्यात. मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायच्यात. "ऊट आयता?" उदगीरला तुमच्या आईशी बोलताना विचारायच्यात तसंच कन्नडमधून, जेवलीस का म्हणून. मी जेवलेली असले तरी "न्हाई" म्हणायचे.

तिघं जाणकार आले त्या दिवशीही तेच. एक नळी चमकली, एक काळी. त्यातले एक जण चहाचा कप ठेवत म्हणाले, "मॅडम, परिस्थितीतून केलेला प्रयत्न आहे, आम्ही समजू शकतो." तुमच्यापेक्षा मलाच ते जास्त झोंबलं.

ते गेल्यावर मी धुवायला बसले. रागात साखरेच्या द्रावणाची रिकामी बाटली अर्धी कॅनच्या पाण्यानं भरली आणि गदागदा हलवली. गळ्याशी फेस आला. आला तो बसेना. साधं पाणी आणि त्याला फेस.

मामा म्हणाले, "बेटा, हे साबूनचं हाय."

हो. बादलीतलं पाणी दिवसभर तेच, म्हणजे साबण त्यात वाढत जायचा आणि बाटलीला चिकटून राहायचा. महागडं जळण त्याच्याबरोबर आलेल्या कोऱ्या नळीत विरघळवायचे. साखर मात्र त्या बाटलीत. अर्काला साबणाचा थेंबही चालत नाही. सहाच्या सहा वेळा मी तुमच्या साखरेला साबण पाजला होता.

मी बाटली घेऊन तशीच तुमच्या खोलीत आले आणि हलवून दाखवली. तुम्ही फेस बघितलात. मला वाटलं, आता पडतेय थोबाडीत. तुम्ही खुर्चीवर टेकलात आणि म्हणालात, "म्हंजे साखर चांगली हाय!" चेहरा असा की पोरगी पास झाल्याचा निरोप आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण परत लावलं. बाटली कॅनच्या पाण्यानं इतक्या वेळा विसळली की मामा पुटपुटले, "आज आमच्या चहाचं पाणी गेलं." बाहेर उन्हाचा कहर, आणि अर्काला थंडावा पाहिजे, म्हणून नळ्या माठात ओल्या वाळूत रोवल्या. महागडी नळी दुपारच्या आत चमकून थांबली. साखरेची मागं, लई मागं. खिडक्यांना पडदे नव्हते. मामांनी त्यांची काळी घोंगडी आणली आणि भर दुपारी आपण तिघं डोकी आत घालून निळा दिवा धरून बघत बसलो. तीन वाजता शंका आली. चारला शंका राहिली नाही. साखरेची नळी बरोबरीला आली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. घोंगडीत घामानं नुसता कहर झालेला, कुणी डोकं बाहेर काढेना. मामा म्हणाले, "मॅडम, हे तर जुगनू हाय." तुमचा हात माझ्या मानेवर होता, एवढं मला आठवतं. त्या दुपारचं ऋण मला अजून शब्दात मांडता येत नाही.

तुम्ही फोटो जोडून पत्र पाठवलंत, एक संधी मागितली. उत्तर आलं की प्रकल्प बंद. कारण दिलं होतं, "प्रकल्पप्रमुखांनी स्वतः मान्य केलेली काचसामान धुण्यातील हयगय." मी दोनदा वाचलं. मग तुमच्या पत्राची प्रत फाइलमधून काढली. त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. सगळं "माझ्याकडून", "माझ्या देखरेखीत".

आपलं भांडण झालं ते तिथं.

"ही चूक माझी हाय, मॅडम. माझ्या नावावर का न्हाई?"

"तुला अजून नोकरी लागायचीय, सुरेखे. माझी लागून जमाना झाला."

"जे दिसलं ते लिही म्हणता आन् स्वतः खोटं लिहिता?"

"खोटं कसं? बादलीपाशी उभी राहून शाबास कोण म्हणालं? मीच ना?"

"म्हणालात. पण धुतलं मी. आमच्यात कुणी दुसऱ्याच्या पदराआड लपत न्हाई. गावाकडची हाय म्हणून पदरात घातलं का? त्या कपवाल्या सायबागत?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही चष्मा पुसायला घेतलात आणि म्हणालात, "जा, प्रबंध पुरा कर." मी पुरा केला. त्यात बादल्यांचं सगळं लिहिलं, पण प्रबंध कोण वाचतं? विभागात बोलबाला पत्राचाच राहिला. मी नांदेडला नोकरीला लागले आणि वर्षभर तुम्हाला फोन केला नाही.

फोन तुम्हीच केलात. हालहवाल काही नाही, पहिलं वाक्य, "अगं, या वर्षी प्रॅक्टिकलला सगळ्या बॅचला साखरेवर करायला लावलं. वीस नळ्या, वीसच्या वीस चमकल्या." प्रकल्प गेला होता, साखर तुम्ही सोडली नव्हती. ज्या प्रयोगाला मोठ्या संस्थाही हात राखून जळण वापरतात, तो लातूरची पोरं अण्णांच्या दुकानातल्या भुकटीवर करत होती, आणि चुकली तर परत करत होती. परत करता येणं, हीच तर स्वस्ताची खरी चैन. तुमच्याकडून ती कृती घेऊन मी नांदेडला सुरू केली. आज माझ्या वर्गातल्या मुली त्यावरच शिकतात. पट्टी अजून व्हायची आहे. होईल. घाईचं जळण नाही आपलं.

निवृत्त होऊन तुम्ही उदगीरला गेलात. दर वर्षी उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई उठायची आणि तुमचा फोन यायचा. "जिल्हा झाला की पहिला फ्रीजर मी मागणार. तू ये धुवायला." मी म्हणायचे, "आधी माझी चूक परत द्या, मग येते." तुम्ही म्हणायच्यात, "ये की घेऊन जायला. इथंच ठेवलीय." मागल्या महिन्यातही हेच बोललो. परीक्षा संपल्या की येते, म्हणाले.

आले ती परवाच. तुमच्या लोकांत दहन नसतं हे ठाऊक होतं, पण बघितलं पहिल्यांदा. तुम्हाला बसवलं होतं. कपाळाला विभूती, हातात लिंग, बेलाची पानं. अण्णा माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "अक्का आयुष्यात कधी एका जागी बसली न्हाई. आता बसली." थोड्या वेळानं परत म्हणाले, "तू सुरेखा न्हवं? अक्का म्हनलेली, ती येईल बघ भांडायला."

भांडायला तोंड होतं कुठं?

म्हणून इथं, विभागाच्याच अंकात लिहिते, म्हणजे काल माना हलवणाऱ्या सगळ्यांच्या वाचनात येईल. त्या वर्षी काचसामान मी धुतलं. दोन बादल्यांची रीत मी काढली. साबण माझ्या हातून राहिला. महानंदा मॅडमची साखर हरली नव्हती, आणि मॅडमनी हयगय केली नव्हती. त्यांनी फक्त एका पोरीला शाबास म्हटलं होतं.

इथवरचं आज सकाळी मी माझ्या वर्गात वाचून दाखवलं. आधी मुलींसमोर कबूल करावं, मग छापायला द्यावं, असं वाटलं. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची किनवटकडची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मागल्या आठवड्यात सगळ्यांचा अर्क खराब झाला ना... फ्रीजरचं दार माझ्याकडून उघडं राहिलेलं."

अख्ख्या बॅचचा अर्क होता तो. दोन आठवड्यांचं काम. मुलींनी गर्रकन तिच्याकडं माना वळवल्या. माझ्या तोंडून "असू दे, मी बघते" असं निघणारच होतं. अगदी तुमच्या आवाजात. पण तिची मान ताठ होती, मॅडम. मला ती मान ओळखू आली.

मी नोंदवही तिच्यापुढं ठेवली. "लिही. तुझ्या नावानं."

तिनं लिहिलं. मग मी तिच्या हातातला पेन घेतला आणि त्याच ओळीत पुढं लिहिलं, "दार तपासायचं काम माझं होतं," आणि सही केली.

दोन नावं मावतात एका ओळीत. तेव्हा तुम्हाला आणि मला सुचलं नाही, एवढंच.

तुमची,
सुरेखा